दुसरं मास्टर्स कर, पण या ऑक्टोबरला नको

प्रश्न: मी मूळची सांगलीची, वय 24. पुण्यात मेकॅनिकल इंजिनिअरिंग केलं आणि गेल्या ऑक्टोबरपासून जर्मनीतल्या एका सरकारी तांत्रिक विद्यापीठात त्याच विषयात मास्टर्स करतेय. पहिल्या सेमिस्टरला 24 क्रेडिट झाले, फायनाइट एलिमेंटच्या पेपरात नापास झाले. आठवड्याला 16 तास नोकरी करते. जाहिराती बघितल्या की सगळ्यांना सॉफ्टवेअर येणारी माणसं हवी आहेत, म्हणून याच विद्यापीठात ऑक्टोबरपासून कंप्युटर सायन्सच्या मास्टर्सलाही नाव घालावं असं मनात आहे. इथे फी नाही, त्यामुळे दुसरी डिग्री फुकटच पडते असं सीनियर सांगतात. यूजीसीनेही दोन डिग्र्या एकदम करायला परवानगी दिली आहे. माझी मैत्रीण अमेरिकेत एमएस आणि एमबीए एकाच वेळी करतेय. बाबांनी 14 लाखांचं कर्ज काढलंय, चूक परवडणार नाही. करू की नको, स्पष्ट सांगा.

उत्तर: स्पष्ट विचारलंस, म्हणून आधी उत्तर देते. या ऑक्टोबरला दुसऱ्या मास्टर्सला नाव घालू नकोस. पहिल्याचे सगळे पेपर सुटून फक्त थिसिस उरेल तेव्हा घाल. गणित जमलं तर ते पुढच्या वर्षीच्या उन्हाळी सेमिस्टरला होईल. तोवर कंप्युटर सायन्सचा एखादा, फार तर दोन विषय करून बघ. दोन डिग्र्या शेजारी शेजारी चालवण्यापेक्षा एकीचं शेपूट दुसरीच्या डोक्यावर थोडंसं चढवणं, ही तुझ्या परिस्थितीत झेपणारी रीत आहे. का, ते आता आकड्यांनी बघू.

त्याआधी पत्रातल्या दोन गोष्टी बाजूला काढते, कारण त्यांच्यावर भिस्त ठेवून बरेच जण फसतात. यूजीसीची एप्रिल 2022 ची मार्गदर्शक तत्त्वं भारतातल्या संस्थांसाठी आहेत. तासांच्या वेळा एकमेकींवर येत नसतील तर दोन पूर्णवेळ पदव्या, किंवा एक वर्गात बसून आणि दुसरी दूरशिक्षणाने वा ऑनलाइन, असं त्यांत म्हटलंय. जर्मन विद्यापीठाला त्यांच्याशी काही देणंघेणं नाही. तिथे त्या राज्याचा उच्चशिक्षण कायदा आणि विद्यापीठाची प्रवेश नियमावली चालते.

मैत्रिणीचं प्रकरणही वेगळं आहे. एमएस आणि एमबीएची जोडी बहुतेक वेळा विद्यापीठाने स्वतः बांधलेली असते. कोणते क्रेडिट दोन्हीकडे धरायचे हे आधीच ठरलेलं असतं, म्हणून दोन पदव्यांचं मिळून काम दुपटीपेक्षा बरंच कमी होतं. तू जे म्हणतेयस त्यात दोन स्वतंत्र अभ्यासक्रम आहेत आणि सांधे तुलाच जुळवायचे आहेत. मैत्रिणीला एक निरोप मात्र दे. अमेरिकेत ओपीटीचे, म्हणजे शिकलेल्या विषयात काम करायच्या परवानगीचे, 12 महिने शिक्षणाच्या एका पातळीला एकदाच मिळतात. दोन मास्टर्स झाली म्हणून 24 होत नाहीत.

आता तासांचं गणित. युरोपियन क्रेडिट पद्धतीत एक क्रेडिट म्हणजे 25 ते 30 तासांचं काम, आणि जर्मनीतल्या बहुतेक नियमावल्या 30 धरतात. सेमिस्टरचे 30 क्रेडिट म्हणजे 900 तास. सहा महिन्यांचे 26 आठवडे धरले तर आठवड्याला साधारण 35 तास, तेही सुट्टीत एकही दिवस न सोडता. दोन अभ्यासक्रम पूर्ण गतीने चालवायचे तर 69. त्यात तुझी नोकरी 16, झाले 85. आठवड्याच्या 168 तासांतून हे 85 आणि झोपेचे 49 वजा कर. हातात उरतात 34, म्हणजे दिवसाला पाच तासही नाहीत. स्वयंपाक, धुणं, ट्राम, घरी फोन, आजारपण, सरकारी कागद, सगळं त्यातच.

शिवाय हे तास सारखे पसरलेले नसतात. परीक्षा फेब्रुवारी-मार्च आणि जुलै-ऑगस्टच्या काही आठवड्यांत दाटून येतात. सहा-सहा क्रेडिटचे विषय धरले तर दोन अभ्यासक्रमांचे दहा पेपर एका हंगामात पडतात. दोन विभागांचे पेपर एकाच सकाळी आले तर वेळापत्रक तुझ्यासाठी कोणी बदलत नाही. एकाच अभ्यासक्रमातले सक्तीचे पेपर एकमेकांवर येऊ नयेत एवढंच ते बघतात.

कागदावरच्या गणितापेक्षा तुझं पहिलं सेमिस्टर जास्त बोलकं आहे. एका अभ्यासक्रमात, 16 तासांच्या नोकरीसह, 30 पैकी 24 क्रेडिट झाले. नव्या देशातल्या पहिल्या सहा महिन्यांत हे चांगलं आहे, कमीपणा वाटून घेऊ नकोस. पण याच पायावर आणखी 30 क्रेडिट चढवता येतील असं म्हणायला त्यात काही आधार नाही.

दुसऱ्या डिग्रीचे 120 पैकी किती क्रेडिट आपोआप मिळतील, हा पुढचा प्रश्न. "अर्धे विषय तर अनएर्केनुंगमध्ये निघतात," असं सीनियर सांगतात, म्हणजे आधी केलेल्या विषयांची मान्यता मिळते. मेकॅनिकलमधून कंप्युटर सायन्सला जाताना अर्धे निघत नाहीत. तुझ्या विद्यापीठाची अभ्यासक्रम-पुस्तिका, म्हणजे मोडूलहांडबूख, उघड आणि असं मोज. 120 मधून 30 थिसिसचे. ते कधीच मान्य होत नाहीत, कारण हे काम दुसऱ्या कुठल्याही परीक्षेसाठी दिलेलं नाही असं तुला थिसिसमध्ये सही करून लिहून द्यावं लागतं. सेमिनार आणि प्रोजेक्ट त्याच विषयातले लागतात, तेही नवे. सक्तीच्या आणि खास विषयांच्या गटात मेकॅनिकलचं काही बसत नाही. राहिला मोकळ्या निवडीचा किंवा उपविषयाचा गट. तिथे 12 ते 18 क्रेडिट निघाले तर चांगलं समज.

आणि वर एक भर पडते, जिचा उल्लेख सीनियर करत नाहीत: आउफलागन, म्हणजे प्रवेशासोबत लागणाऱ्या अटी. कंप्युटर सायन्सच्या मास्टर्सला प्रवेश देताना तुझ्या बी.ई.च्या गुणपत्रिकेत अल्गोरिदम, थिअरॉटिकल कंप्युटर सायन्स, ऑपरेटिंग सिस्टिम, डिस्क्रीट मॅथ्स यांचे क्रेडिट शोधले जातात. मेकॅनिकलवाल्यांकडे प्रोग्रॅमिंगचा एखादा विषय आणि इंजिनिअरिंग मॅथ्स एवढंच असतं. तूट फार असली तर थेट नकार येतो. थोडी असली तर "हे बॅचलरचे विषय आधी पास व्हा" अशी अट घालून प्रवेश मिळतो, आणि ते विषय 120 मध्ये धरले जात नाहीत. समज 24 क्रेडिटची अट आली आणि 15 क्रेडिट मान्य झाले. मग करायचं काम 120 उणे 15 अधिक 24, म्हणजे 129 क्रेडिट, 3,870 तास. आठवड्याला 35 तासांनी 110 आठवडे. फुकट म्हणतात ती डिग्री ही.

पुस्तिका वाचताना विषयांच्या नावांवर थांबू नकोस. प्रत्येक विषयाच्या पानावर एक चौकट असते. उदाहरणार्थ: 6 क्रेडिट, एकूण 180 तास, पैकी 60 वर्गात आणि 120 स्वतःचा अभ्यास, 90 मिनिटांची लेखी परीक्षा, परीक्षेला बसण्यासाठी गृहपाठात किमान 50 टक्के गुण, फक्त हिवाळी सेमिस्टरला. शेवटच्या दोन नोंदी जिवावर येतात. गृहपाठाची अट म्हणजे दर आठवड्याला एक कागद वेळेवर द्यायचा. असे चार विषय घेतले तर आठवड्याला चार कागद, आणि डिसेंबरमध्ये दोन चुकले की फेब्रुवारीत परीक्षेचा दरवाजाच बंद होतो. "फक्त हिवाळी" याचा अर्थ तो विषय या खेपेला निसटला तर पुन्हा एक वर्षाने. दोन अभ्यासक्रमांचे असे दोन सक्तीचे विषय मंगळवारी दहा वाजता एकमेकांसमोर आले की एक वर्ष गेलंच. म्हणून दोन्ही पुस्तिकांतले सक्तीचे विषय एका कागदावर हिवाळी आणि उन्हाळी अशा दोन रकान्यांत लिही आणि चालू वर्षाचं वेळापत्रक त्यांच्याशेजारी ठेव. तासाभराचं काम आहे. अर्ध्या लोकांचा बेत तिथेच बदलतो.

आता ज्याची मला तुझ्यासाठी खरी काळजी वाटते ते. पुण्यात पेपर राहिला तर "बॅक आहे, पुढच्या वेळी सोडवू" म्हणता येतं. जर्मनीत बहुतेक ठिकाणी एका परीक्षेला तीन प्रयत्न असतात. सक्तीच्या विषयात तिसरा गेला की निकालावर "कायमचं अनुत्तीर्ण" असा शेरा येतो, प्रवेश रद्द होतो आणि तोच अभ्यासक्रम देशातल्या दुसऱ्या विद्यापीठातही घेता येत नाही. काही विद्यापीठांत प्रयत्न मोजत नाहीत, पण अमुक सेमिस्टरपर्यंत अमुक क्रेडिट झालेच पाहिजेत अशी अट असते. दोन अभ्यासक्रमांच्या ओझ्याखाली तीही तितकीच धोक्याची.

फायनाइट एलिमेंटचा तुझा एक प्रयत्न गेलाय. दुसऱ्या प्रयत्नाची तयारी नीट झाली नाही तर तिसरा तुला सगळं पणाला लावून द्यावा लागेल. आणि दोन डिग्र्यांच्या गर्दीत प्रयत्न वाया जातात ते विषय कठीण असतो म्हणूनच असं नाही. नाव नोंदवलेलं असतं, तयारी होत नाही, आणि नाव मागे घ्यायची तारीख दुसऱ्या पेपरच्या गडबडीत निसटते. न येता राहिलं तरी 5,0 लागतो, म्हणजे नापास आणि एक प्रयत्न खर्ची. आजारी असलीस तर डॉक्टरांचा दाखला बहुतेक ठिकाणी तीन दिवसांच्या आत परीक्षा कार्यालयाकडे गेला पाहिजे. "त्या दिवशी दुसरा पेपर होता" हे कारण आजारपणात बसत नाही.

पहिल्या डिग्रीत काही बिनसलं तर दुसरी डिग्री आधाराला राहील, असंही काही जण मनात धरतात. तसं होत नाही. दुसऱ्या अभ्यासक्रमाचा अर्ज भरताना "संबंधित अभ्यासक्रमात कायमचं अनुत्तीर्ण झाला आहात का?" असा प्रश्न असतो, आणि तसं नसल्याचा दाखला मूळ परीक्षा कार्यालयाकडून आणायला सांगतात. त्याचं नाव लांबलचक आहे, उनबेडेंक्लिशकाइट्सबेशाइनिगुंग. दोन अभ्यासक्रमांत एखादा विषय सामायिक असेल, तर एकीकडचे अपयशी प्रयत्न दुसरीकडेही मोजले जाऊ शकतात. कंप्युटर सायन्समध्ये तुझा फायनाइट एलिमेंट बहुधा येणार नाही. उद्या मन बदलून कंप्युटेशनल इंजिनिअरिंग निवडलंस तर मात्र तोच पेपर समोर येईल, तोवर गेलेल्या प्रयत्नांसकट.

परवानग्या दोन ठिकाणच्या लागतात. पहिली विद्यापीठाची. दोन अभ्यासक्रमांना एकदम प्रवेश म्हणजे डॉप्पेलश्टुडियुम, त्याचा वेगळा अर्ज असतो. जागा मर्यादित असलेल्या अभ्यासक्रमांत त्याला सबळ कारण लागतं, कारण तू घेतलेली जागा दुसऱ्या कोणाची तरी जाते. "नोकरीला बरं पडेल" एवढ्याने भागत नाही. दोन विषय मिळून तुझं अभ्यासाचं कोणतं उद्दिष्ट पुरं होतं, ते लिहावं लागतं. जागांची मर्यादा नसेल तर काम सोपं, तरी दोन्ही विभागांची संमती किंवा दोन्हीकडे वेळेत प्रगती दाखवायची हमी मागितली जाऊ शकते.

दुसरी परवानगी परदेशी नागरिकांच्या कार्यालयाची, आउसलेंडरबेह्योर्डेची. तुझा राहण्याचा परवाना निवास कायद्याच्या कलम 16ब खालचा, शिक्षणासाठीचा. कार्डाबरोबर एक हिरवा जोडकागद मिळतो, तो शोधून काढ. काहींच्या कागदावर नुसतं शिक्षण लिहिलेलं असतं, काहींच्या कागदावर अभ्यासक्रमाचं आणि विद्यापीठाचं नावच असतं. नाव असेल तर दुसरा अभ्यासक्रम त्यात आपोआप येतो असं समजू नकोस. आधी ई-मेलने विचार आणि उत्तर जपून ठेव. परवान्याची मुदत वाढवताना ते प्रवेशाचा दाखला, गुणपत्रक, विमा आणि पैसे बघतात, आणि गुणपत्रकात बघतात ते हे की पदवी वाजवी वेळात पुरी होतेय का. एकीकडे 14 आणि दुसरीकडे 12 क्रेडिट असे दोन अर्धवट कागद पुढे केलेस तर अधिकाऱ्याला दोन रखडलेली शिक्षणं दिसतात. मग विद्यापीठाकडून "ही विद्यार्थिनी अमुक तारखेला संपवेल" असं पत्र आणायला सांगतात, आणि ते पत्र मिळवायला प्राध्यापकांच्या मागे फिरावं लागतं. एकाच अभ्यासक्रमात 26 क्रेडिट असते तर कोणी काही विचारलं नसतं.

पैशाचं थोडक्यात. फी नाही हे तुझ्या विद्यापीठापुरतं खरं असेल, सगळीकडे नाही. बाडेन-व्युर्टेम्बर्गमध्ये युरोपीय संघाबाहेरच्या विद्यार्थ्यांना 2017 पासून सेमिस्टरला 1,500 युरो पडतात, आणि म्युनिकच्या तांत्रिक विद्यापीठात 2024 च्या हिवाळ्यापासून नव्या विद्यार्थ्यांना मास्टर्ससाठी 4,000 ते 6,000. त्यामुळे दुसरा अभ्यासक्रम दुसऱ्या गावी शोधायला लागलीस तर आधी हे तपास. दोन विद्यापीठांत नाव असलं तर सेमिस्टरची वर्गणीही दोनदा भरावी लागते. काही भाग अर्ज करून माफ होतो, पण अर्ज आपल्यालाच करावा लागतो.

खरा खर्च राहण्याचा. परवान्यासाठी सरकार महिन्याला 992 युरो धरतं, वर्षाचे 11,904. वरच्या हिशोबातली दोन वर्षं वाढली तर 23,808 युरो. युरोला 100 रुपये धरले तरी जवळजवळ 24 लाख, म्हणजे बाबांच्या कर्जापेक्षा जास्त. नोकरीतून काही निघेल, पण वर्षाला 140 पूर्ण किंवा 280 अर्ध्या दिवसांची मर्यादा दोन डिग्र्यांना दुप्पट होत नाही. विद्यापीठातली सहायकाची नोकरी मात्र त्या दिवसांत मोजत नाहीत. कर्जाचं आजच बघ. बहुतेक शैक्षणिक कर्जांत हप्ते अभ्यासक्रम संपल्यावर एका वर्षाने सुरू होतात, आणि तो अभ्यासक्रम म्हणजे मंजुरीपत्रात लिहिलेला पहिला. दुसऱ्याला नाव घातलंस तरी बँकेचं घड्याळ थांबत नाही. बाबांना हे तुझ्याकडून कळू दे, बँकेच्या पत्रातून नको.

मग करायचं काय, ते क्रमाने सांगते.

या महिन्यात कंप्युटर सायन्स विभागाच्या अभ्यासक्रम सल्लागारांना, फाखश्टुडियेनबेराटुंगला, ई-मेल लिही. बी.ई.ची विषयवार गुणपत्रिका आणि आत्ताच्या मास्टर्सचं गुणपत्रक सोबत जोड. चार प्रश्न विचार. मी अर्ज केला तर अंदाजे कोणत्या अटी लागतील? माझ्या सध्याच्या अभ्यासक्रमातले कोणते विषय मान्य होतील? पहिल्या पदवीत धरलेला विषय दुसरीतही धरता येतो का? मान्यतेचा अर्ज कोणत्या मुदतीत करायचा? तिसरा प्रश्न विसरू नकोस, काही नियमावल्या एका विषयाचा दोनदा वापर होऊ देत नाहीत. चौथाही तितकाच महत्त्वाचा. काही ठिकाणी मान्यता पहिल्याच सेमिस्टरमध्ये मागावी लागते, आणि त्या विषयाच्या परीक्षेला नव्या अभ्यासक्रमातून एकदा नाव नोंदवलं की मान्यतेचा हक्क जातो. सल्लागारांचं उत्तर बंधनकारक नसतं, पण तुला 129 क्रेडिटचं काम आहे की 105 चं, एवढा अंदाज त्यातून नक्की येतो.

ऑक्टोबरपासून, तिसऱ्या सेमिस्टरला, मेकॅनिकलचे राहिलेले विषय घे आणि सोबत कंप्युटर सायन्सचा एकच विषय, फार तर दोन. आधी तुझ्याच अभ्यासक्रमातल्या मोकळ्या निवडीत तो बसतो का बघ. मशिन लर्निंग, रोबोटिक्स, सिम्युलेशन असे विषय पुष्कळ ठिकाणी बसतात, आणि मग ते जादा काम राहतच नाहीत. बसत नसेल तर जादा विषय म्हणून नोंदव, त्सुझात्सलाइस्टुंग म्हणून. तो गुणपत्रकावर दिसतो आणि सरासरीत धरत नाहीत. बहुतेक नियमावल्यांत त्यात नापास झालीस तरी पदवीला धक्का लागत नाही, तरी नोंदवण्याआधी परीक्षा कार्यालयाला एकदा विचारून घे. निवडायचा तर अल्गोरिदम किंवा थिअरीचा निवड, अट लागण्याची शक्यता असलेला. सोपा दिसतो म्हणून वेब प्रोग्रॅमिंग घेऊन काही कळणार नाही. अल्गोरिदमचा गृहपाठ दर आठवड्याला कागद-पेन घेऊन सिद्धता लिहिण्याचा असतो, कोड त्यात फारसा नसतोच. तो आवडला आणि 2,5 च्या आत गुण आले (इथे आकडा जितका लहान तितके गुण चांगले), तर पुढचं दार ठोठाव. नाही आवडला तर एका विषयाच्या किमतीत मोठा प्रश्न सुटला.

उन्हाळी सेमिस्टरसाठी अर्जाची मुदत बऱ्याच ठिकाणी 15 जानेवारी असते, परदेशी पदवीवाल्यांना काही ठिकाणी त्याआधीची. अर्ज युनी-असिस्टमार्फत, म्हणजे परदेशी पदव्यांचे अर्ज तपासणाऱ्या संस्थेमार्फत, करायला सांगितलं तर त्याचे पहिल्या अर्जाला 75 युरो आणि चार ते सहा आठवडे धरून चाल. एपीएसचं, म्हणजे भारतातली कागदपत्रं तपासल्याचं, प्रमाणपत्र तुझ्याकडे आहेच, तेच पुन्हा चालतं. उन्हाळी प्रवेश नसेल तर त्यापुढच्या ऑक्टोबरला कर, घाई नाही. प्रवेश मिळाला तर त्या सेमिस्टरला पहिल्याची थिसिस, 30 क्रेडिटची, आणि दुसऱ्याचे 6 ते 12 क्रेडिट. त्याहून जास्त नको, थिसिस स्वतःच पूर्ण वेळ खाते. अटींचे विषय आधी उरक, त्यांना बहुधा पहिल्या दोन सेमिस्टरची मुदत असते.

पहिली पदवी हातात पडली की थांबून पुन्हा विचार कर. त्या वेळी तुझ्यासमोर दोन वाटा असतील. एक, शिक्षणाच्या परवान्यावरच दुसरी डिग्री पूर्णवेळ पुढे नेणं. दुसरी, नोकरी शोधण्यासाठी 18 महिन्यांचा परवाना घेणं. नोकरी लागून कामाचा परवाना मिळाला की दुसरी डिग्री हळूहळू, अर्धवेळ करता येते. तेव्हा तुझं राहणं क्रेडिटवर अवलंबून नसतं आणि कर्जाचे हप्तेही पगारातून जातात. माझं मत विचारशील तर तुझ्यासाठी ही दुसरी वाट चांगली आहे. कायमच्या वास्तव्याचा विचार असेल तर जर्मन पदवीनंतर दोन वर्षं पात्रतेच्या नोकरीत काढली की त्या परवान्यासाठी अर्ज करता येतो. ती दोन वर्षं नोकरी करून मोजली जातात, दुसऱ्या मास्टर्समधली त्यात येत नाहीत.

दोन डिग्र्या एकदम करणं सरसकट चूक आहे असं मात्र समजू नकोस. विषय खरोखर लगतचे असतील, तीस-चाळीस क्रेडिट सामायिक असतील आणि पहिल्याचा एकही पेपर मागे राहिलेला नसेल, तर ते जमतं. मेकॅनिकल आणि ऊर्जा तंत्रज्ञान, गणित आणि भौतिकशास्त्र या जोड्या अशाच. त्याहून बरी सोय म्हणजे विद्यापीठांनी आपसात करार करून बांधलेली दुहेरी पदवी. युरोपातल्या बऱ्याच तांत्रिक विद्यापीठांचं टाइम नावाचं एक जाळं आहे. त्यात साधारण एक वर्ष वाढवून दोन देशांतल्या दोन पदव्या मिळतात. तुझ्या विद्यापीठाच्या आंतरराष्ट्रीय कार्यालयात विचार, तुझ्या अभ्यासक्रमाला असा करार आहे का आणि तिसऱ्या सेमिस्टरला त्यात शिरता येतं का. अजून प्रवेश न घेतलेले वाचक इरास्मुस मुंडुसचे संयुक्त मास्टर्स बघू शकतात. ते मुळातच दोन-तीन विद्यापीठांत फिरून करायचे असतात, अर्ज साधारण ऑक्टोबर ते जानेवारीत निघतात आणि शिष्यवृत्ती महिन्याला 1,400 युरोची असते.

एक गोष्ट तू पत्रात लिहिली नाहीस, ती मीच काढते: जर्मन. ज्या जाहिराती तू बघतेयस त्यांच्या खालच्या ओळीत बी2 किंवा सी1 पातळीचं जर्मन लिहिलेलं असतं, मेकॅनिकलच्याही आणि सॉफ्टवेअरच्याही. ए2 पासून बी2 पर्यंत साधारण 400 तासिका लागतात, 45 मिनिटांच्या, म्हणजे 300 घड्याळी तास. घरचा अभ्यास धरून दुप्पट म्हण. दुसऱ्या मास्टर्सच्या 3,870 तासांपुढे हे 600 ठेवून बघ. विद्यापीठाच्या भाषा केंद्रात हे वर्ग बहुधा मोफत किंवा नाममात्र शुल्कात असतात, आणि सेमिस्टर सुरू होण्याआधी काही दिवसच नोंदणी उघडते. तिसऱ्या सेमिस्टरला कंप्युटर सायन्सचा विषय आणि जर्मन यांतलं एकच झेपणार असेल, तर जर्मन घे.

सगळ्यात आधी मात्र परीक्षेचं पोर्टल उघड. फायनाइट एलिमेंटला या सेमिस्टरला नाव नोंदवलंय का, पेपर कधी आहे आणि नाव मागे घ्यायची शेवटची तारीख कोणती, या तीन गोष्टी लिहून टेबलासमोरच्या भिंतीवर लाव. मागच्या वेळची उत्तरपत्रिका बघायचा तुला हक्क आहे, त्याची वेळ निकालासोबत जाहीर होते. गेली असशील तर काढलेल्या टिपणांवरून सुरुवात कर. गेली नसशील तर त्या विभागाच्या सहायकाला आजच लिही. मुदत उलटली असली तरी विचार, कारण किती गुण कुठे गेले हे कळल्याशिवाय दुसऱ्या प्रयत्नाला बसू नकोस.